व्याख्या गाजली, प्रश्न मागे राहिला: 'वाटचाल' आणि 'पालखी' रत्नागिरीतून वाचताना

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं. वारीच्या वाटेवर जात गळून पडते आणि चालणाऱ्यांचा एक नवा समाज तयार होतो, अशा अर्थाचं. पुढे कंसात दोन नावं: कर्वे १९६२, टर्नर १९७४. वाक्य मला फार आवडलं होतं. सरांनी त्या कंसाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि एवढंच विचारलं, "कर्वे वाचल्या आहेस, की टर्नरमधून कर्वे वाचल्या आहेस?"

खोटं बोलायची सोय नव्हती. मी इरावती कर्व्यांचा लेख वाचला नव्हता. कुणीतरी टर्नरबद्दल लिहिलं होतं, त्यात कर्व्यांचा उल्लेख होता, आणि मी तिथून नाव उचललं होतं. घरी येऊन लेख वाचला आणि हातपाय गार पडले. कारण ज्या लेखाचा मी आधार दिला होता, तो माझ्या वाक्याच्या जवळजवळ उलट बोलत होता.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी मी लिहिते, म्हणून ही फजिती आधीच सांगून टाकली. पण आजचा लेख 'मूळ ग्रंथ वाचा' एवढंच सांगण्यासाठी नाही, ते तर सगळेच सांगतात. मला आज वारीवरच्या दोन मराठी लेखनांची समीक्षा करायची आहे: इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचं 'पालखी' हे पुस्तक. आणि ती रत्नागिरीत बसून करायची आहे. जागा बदलली की पुस्तक कसं वेगळं दिसतं, हे यातून कळेल अशी आशा आहे.

आधी थोडी ओळख

इरावतीबाई (१९०५–१९७०) मानववंशशास्त्रज्ञ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर, एका दिंडीत राहून त्या पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी मराठीत 'वाटचाल' हा लेख लिहिला. १९६२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला आणि लेख जगभर पोचला. आज वारीवर इंग्रजीत काहीही वाचा, त्याचा उल्लेख सापडतोच.

मोकाशी (१९१५–१९८१) कथा-कादंबरीकार. जन्म उरणचा, म्हणजे आपल्या कोकणातलाच माणूस. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. १९६१ च्या आषाढी वारीत ते पालखीबरोबर होते. 'पालखी' १९६४ मध्ये आलं. फिलिप एंगब्लोम यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये अमेरिकेत निघाला, त्याला एलिनॉर झेलियट यांनी वारकरी परंपरेची ऐतिहासिक ओळख जोडली आहे.

दोन्ही लेखनं एकाच वाटेवरची. आळंदी, पुणे, दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी, पंढरपूर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास. या सोहळ्याचं आजचं रूप १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी बसवलं. ते शिंद्यांच्या पदरी होते. दिंड्यांचे ठरलेले क्रम, रथापुढे कोण आणि मागे कोण, मुक्काम कुठे, चोपदाराचा दंड वर गेला की सगळं शांत, ही शिस्त बरीचशी लष्करी वळणाची आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. वारी म्हणजे नुसती गर्दी नाही. तिला रचना आहे, आणि रचनेत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

'वाटचाल': एक व्याख्या आणि एक प्रश्न

या लेखातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. चालता चालता इरावतीबाईंना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचते. पंढरपूरच्या वाटेला लागणाऱ्या माणसांवरून महाराष्ट्र ओळखावा, अशा आशयाची. ठिकठिकाणची माणसं येऊन मिळतात, देशावरची, खानदेशातली, वऱ्हाडातली. जाती वेगळ्या, पण भाषा एक आणि ओठांवरची गाणी एक. ही व्याख्या सुंदर आहे यात वाद नाही. लहान आहे, लक्षात राहते, भाषणात वापरता येते. आणि वेळही अचूक साधली गेली. १ मे १९६० ला मराठी भाषकांचं राज्य झालं होतं, आणि दोन वर्षांत हा लेख इंग्रजीत आला. नव्या राज्याला आपण एक आहोत हे सांगणारं काहीतरी हवंच होतं.

पण त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

इरावतीबाई ज्या दिंडीत होत्या, तिच्यात ब्राह्मण आणि मराठा असे दोन भाग होते. अभंग एकत्र, चालणं एकत्र. चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. त्यांना याचं रोज वाईट वाटतं आणि त्या ते लिहितात. मग त्या मराठा बायकांबरोबर जेवतात. त्यानंतर नातं बदलतं. बायका जवळ येतात, हात धरून बरोबर चालतात, 'ताई' म्हणायला लागतात. पुण्यात आलो की भेटायला येऊ, असंही म्हणतात. आणि तेव्हा त्यांच्यातली एक तरुण मुलगी साधाच प्रश्न विचारते: इथे जशा वागताय, तशाच तिथेही वागाल का?

हा प्रश्न त्यांना जिव्हारी लागतो. हजारो वर्षं शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्या लिहितात आणि तिथे थांबतात. उत्तर देत नाहीत.

माझ्या मते 'वाटचाल'चा खरा निष्कर्ष तो प्रश्न आहे. व्याख्या नव्हे. आणि तो प्रश्न इरावतीबाईंनी शोधलेला नाही, त्यांना तो विचारला गेला. फील्डवर्कमध्ये आपण प्रश्नावली घेऊन जातो, माहितीदार उत्तरं देतात, असं आपल्याला शिकवतात. इथे उलट झालं. माहितीदारानेच संशोधकाला प्रश्न विचारला, आणि तो संशोधनाच्या मुळावर होता: वाटेवर जे दिसतं, ते वाटेनंतर टिकतं का?

इरावतीबाईंचा मोठेपणा असा की त्यांनी हा प्रश्न लेखात ठेवला. तो त्यांच्या व्याख्येला अडचणीचा होता, काढून टाकता आला असता. पण लेखाची मर्यादाही तिथेच दिसते. एकाच लेखात व्याख्या आणि प्रश्न दोन्ही आहेत, पण एकमेकांना भेटत नाहीत. व्याख्या 'सगळे एक' म्हणते, प्रश्न 'कुठपर्यंत?' विचारतो. लेखिका दोन्ही मांडते आणि पुढे चालू लागते.

गंमत म्हणजे, याला जोडणारा धागा त्यांच्याच दुसऱ्या कामात आहे. १९६१ मध्ये आलेल्या हिंदू समाजावरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी एक भूमिका मांडली होती: जाती या एका समाजाचे तुकडे पडून झालेल्या नाहीत, तर वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन बसले आहेत. दिंडीत त्यांना हेच तर दिसलं. एकत्र, पण शेजारी शेजारी. 'वाटचाल' ललित लेख म्हणून वाचला जातो, म्हणून हा संबंध सहसा कुणी जोडत नाही. तुम्ही एखाद्या अभ्यासकावर काम करत असाल तर त्याचं 'गंभीर' लेखन आणि 'ललित' लेखन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू नका. अनेकदा एकात प्रश्न असतो आणि दुसऱ्यात त्याची चौकट.

मोकाशी: मागे उभा राहणारा माणूस

'पालखी' हे वेगळ्या जातीचं पुस्तक. मोकाशी शास्त्रज्ञ नाहीत, नेमाचे वारकरीही नाहीत. त्यांना विठ्ठलाची ओढ आहे की नाही हे त्यांचं त्यांनाच नीट माहीत नाही, आणि ते लपवत नाहीत. पुस्तक मुक्कामामागून मुक्काम असं पुढे जातं. माणसं भेटतात, बोलतात, गर्दीत हरवतात.

संशोधन करणाऱ्याने हे पुस्तक का वाचावं? कारण इरावतीबाईंच्या लेखात दिंडी हे घर आहे. मोकाशींना तसं घर नाही, ते कडेकडेने फिरतात. त्यामुळे एका दिंडीत राहिलं तर जे दिसलं नसतं, ते त्यांना दिसतं: पाणी, झोपायची जागा, पायांचे हाल, थकवा, भक्ती आणि व्यवहार यांची सरमिसळ. इरावतीबाईंना एक दिंडी खोलवर दिसते, मोकाशींना अनेक माणसं ओझरती.

किंमतही तशीच मोजावी लागते. मोकाशींना कुणी 'तिथेही असेच वागाल का' असं विचारत नाही, कारण कुणाबरोबर त्यांचं तेवढं नातं जुळतच नाही. चालत्या माणसाशी झालेला संवाद मोकळा असतो, पण त्याला पुढचा दिवस नसतो. म्हणजे काय, तर कुठे उभं राहून बघायचं हे ठरवलं की काय दिसणार हेही निम्मं ठरतं. मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण हे पाठ करतो. ही दोन लेखनं शेजारी ठेवून वाचली तर ते डोळ्यांनी दिसतं.

टर्नर मध्ये आले आणि काय झालं

व्हिक्टर टर्नर यांनी १९७० च्या दशकात यात्रांवर लिहिताना एक संकल्पना पुढे आणली: कम्युनिटास. रोजच्या आयुष्यातले दर्जे, पदं, बंधनं यात्रेत तात्पुरती सैल होतात आणि माणसं माणूस म्हणून एकमेकांना भेटतात, असा तिचा ढोबळ अर्थ. पंढरपूरची वारी त्यांच्या उदाहरणांत आहे. त्यांच्याआधी गी देल्युरी या फ्रेंच जेझुइट अभ्यासकाचं विठोबा-संप्रदायावरचं पुस्तक १९६० मध्ये डेक्कन कॉलेजनेच प्रसिद्ध केलं होतं, त्याचाही टर्नरना उपयोग झाला.

इथे टर्नरवर अन्याय नको. वारीतल्या जातींच्या भिंती त्यांनी नाकारल्या नाहीत. यात्रेतला सलोखा हळूहळू नियमांत बांधला जातो, जुनी रचना त्यात शिल्लक राहते, हे त्यांच्या मांडणीत आहे. अडचण त्यांच्यानंतरच्या आमच्यासारख्यांची. आम्ही टर्नरमधून एक शब्द उचलतो, कर्व्यांमधून एक व्याख्या उचलतो, दोन्ही एकत्र शिवतो आणि 'वारीत जात गळून पडते' असं वाक्य तयार करतो. टर्नरच्या अटी गेल्या, कर्व्यांची मुलगी गेली. उरलं ते फक्त गोड वाक्य.

अ‍ॅन फेल्डहाउस यांचं २००३ चं 'कनेक्टेड प्लेसेस' या बाबतीत उपयोगी आहे. महाराष्ट्रातल्या नद्या, यात्रा, शिखर शिंगणापूरच्या कावडी अशा अनेक गोष्टींचा अभ्यास करून त्या दाखवतात की यात्रांमधून एकच एक प्रदेश तयार होत नाही. लहानमोठे अनेक प्रदेश माणसांच्या मनात एकावर एक असतात. कर्व्यांच्या व्याख्येनंतर हे पुस्तक वाचलं की डोकं जागेवर येतं.

आता रत्नागिरीतून

इथवरचं मी कुठेही बसून लिहू शकले असते. पण मी रत्नागिरी जिल्ह्यातली, आणि इथून एक साधी शंका येते: आषाढात आमची माणसं असतात कुठे?

लावणीत. आषाढ म्हणजे भाताची लावणी. तरवा काढायचा, चिखलणी करायची, पाऊस आहे तोवर रोपं लावून घ्यायची. घरात चालतं-फिरतं जे माणूस आहे ते शेतात. देशावर पेरणी उरकून वारीला निघता येतं, तिथलं शेतीचं गणित वारीशी जुळलेलं आहे. आमचं जुळत नाही. म्हणून कोकणातले वारकरी पूर्वापार कार्तिकीला आणि माघीला जास्त जातात. भात कापून, झोडून झालं की मग पाय मोकळे. रत्नागिरी शहरातल्या विठ्ठल मंदिरातही कार्तिकी एकादशीचा उत्सव मोठा असतो, तो उगीच नाही.

शब्दही बघा. देशावर 'पालखी' म्हटलं की संतांच्या पादुका घेऊन पंढरपूरला निघालेली पालखी. आमच्याकडे पालखी म्हटलं की शिमगा. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येते, घरोघर फिरते, आणि मुंबईचा चाकरमानी रजा टाकून तिच्यासाठी गावाला येतो. तिकडे माणसं देवाकडे चालत जातात, इकडे देव माणसांकडे चालत येतो. मोकाशींच्या पुस्तकाचं नाव मी लहानपणी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते शिमग्यावरचंच वाटलं होतं.

मुद्दा असा की अभ्यासात 'वारी' म्हणजे आषाढी, आणि आषाढी म्हणजे आळंदी-देहूच्या पालख्या, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की बाकीच्या वाऱ्या तळटीपेत जातात. हा कर्वे-मोकाशींचा दोष नाही. त्यांनी जी वाट चालली ती लिहिली. दोष त्या वाटेला 'द वारी' करणाऱ्यांचा.

मी स्वतः माघात एका गावच्या दिंडीबरोबर साखरप्यापासून कोल्हापूरपर्यंत चार दिवस चालले. आंबा घाट चढून मलकापूर, बांबवडे असं. रत्नागिरीपासून पंढरपूर मोजलं तर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं, मी त्यातला तुकडाच चालले, हे आधी सांगते. ना रिंगण, ना लाखोंची गर्दी, ना टीव्हीचे कॅमेरे. चाळीसेक माणसं, सामानाचा एक टेम्पो, पहाटेची थंडी, आणि शेजारून सुसाट जाणारे ट्रक. इथे कम्युनिटास शोधायला गेले असते तर आधी रस्त्याची कडा सांभाळावी लागली असती.

आत्या त्या दिंडीत नेमाने जाते. चौथ्या दिवशी मी वहीत लिहिलं: 'गावातली सगळी घरं या वारीशी जोडलेली आहेत.' पुन्हा एक गोड वाक्य.

एका तालुक्यातली तीन गावं

ते वाक्य का चुकलं हे सांगायच्या आधी नकाशावर थोडं उत्तरेला, दापोली तालुक्यात जाऊ.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. इरावतीबाई त्यांच्या सूनबाई. म्हणजे महाराष्ट्राची ती व्याख्या करणाऱ्या बाईंचं सासरचं मूळ दापोली तालुक्यात.

पालगड हे साने गुरुजींचं गाव. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं. त्यानंतर मंदिर खुलं झालं. त्याआधी शेकडो वर्षं चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आणि त्यांची माणसं दाराबाहेर, अशीच स्थिती होती.

आणि वणंद हे रमाबाई आंबेडकरांचं माहेर. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेबांच्या चरित्रांत ही हकीकत येते: जिथे दर्शन लांबून घ्यावं लागेल, आत पाऊल टाकता येणार नाही, तिथे कशाला जायचं, असं म्हणून त्यांनी पत्नीला थांबवलं, आणि आपण दुसरी पंढरी उभी करू असं सांगितलं. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. मंदिर खुलं व्हायला तेव्हा अजून बारा वर्षं होती.

आता ती व्याख्या पुन्हा आठवा. पंढरपूरला जाणाऱ्यांवरून महाराष्ट्र ओळखायचा, तर वणंदच्या या बाईला कुठे ठेवायचं? तिला जायचं होतं आणि जाता आलं नाही. ती 'न जाणारी' नाही, 'जाऊ न दिलेली' आहे. जाणाऱ्यांच्या मोजणीत ती कधीच येणार नाही, कारण ती वाटेवर भेटणारच नाही. इरावतीबाई कितीही मैल चालल्या असत्या तरी वाटेवर त्यांना रमाबाई भेटल्या नसत्या. वाटेवर उभं राहून केलेल्या कोणत्याही अभ्यासाची हीच आंधळी बाजू: जे आले ते दिसतात, जे येऊ शकले नाहीत ते दिसत नाहीत, आणि ज्यांनी यायचं नाही असं ठरवलं तेही दिसत नाहीत. सर्व्हेच्या भाषेत याला सॅम्पलिंगचा प्रश्न म्हणतात. पण इथे तो नुसता तांत्रिक प्रश्न राहत नाही.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा पंढरपूरचा विठ्ठल म्हणजे बुद्धच, अशी मांडणीही केली. म्हणजे पंढरपूर सोडून देतानाही त्यांनी ते सहज सोडलं नाही. त्या दाराशी त्यांचं शेवटपर्यंत काहीतरी देणंघेणं होतं. हे सगळं 'वारी आणि महाराष्ट्र' या विषयाच्या आत आहे, बाहेर नाही.

माझी वही

दिंडीतून परत आल्यावर सरांना वही दाखवली. 'सगळी घरं' या शब्दांवर बोट ठेवून ते म्हणाले, "वाड्या किती आहेत गावात?"

कोकणातलं गाव म्हणजे वाड्या. मी सहा मोजल्या. दिंडीत कोणकोणत्या वाडीतली माणसं होती हे आठवून लिहिलं, तर पाच झाल्या. सहावी बौद्धवाडी. चार दिवसांत तिथलं कुणी नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. ते मला इतकं नेहमीचं होतं की दिसलंच नाही.

मग तिथे गेले. एका आजींना विचारलं, तुम्ही कधी पंढरपूरला गेला होतात का. त्या म्हणाल्या, "आम्ही नाही जात. आम्ही सहा डिसेंबरला दादरला जातो. रात्रीच्या गाडीने उभ्याने जातो. तू कधी आलीस का?"

मी नव्हते गेले. त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, सहज विचारलं. 'वाटचाल'मधल्या मुलीचा प्रश्न आणि या आजींचा प्रश्न, यांच्यात अनेक दशकांचं अंतर आहे, आणि तरी दोन्ही एकाच जातकुळीचे आहेत: तू आमच्याकडे बघायला आलीस ते ठीक, पण तू कुठे उभी आहेस?

त्या दिवसापासून माझा विषय थोडा सरकला. मी आता 'कोकणातली वारी' असा अभ्यास करत नाही. एका गावातल्या सहा वाड्यांतून वर्षभरात कोण कुठे चालत, एसटीने, रेल्वेने जातं, आणि कोण कुठे जात नाही, असा करते. सिनॉप्सिस पुन्हा लिहावा लागला, सहा महिने गेले. गोड वाक्य गेलं, त्याचं दुःख अजून थोडं आहे.

तर मग 'वाटचाल' वाचावी का?

नक्की वाचावी. वारीवर काम करायचं असेल तर सगळ्यात आधी ती आणि लगेच 'पालखी'. टर्नर नंतर. या क्रमाने वाचलं तर संकल्पना हातात येईपर्यंत तुमच्याजवळ माणसं जमा झालेली असतात, आणि मग संकल्पना त्यांच्यावरून रोलर फिरवू शकत नाही. मी उलट्या क्रमाने गेले आणि आपटले.

'वाटचाल' हा मराठीतला एक उत्तम फील्डवर्कचा लेख आहे असं माझं मत कायम आहे. त्यातली व्याख्या मला आता पटत नाही, पण तो लेख स्वतःच आपल्या व्याख्येविरुद्धचा पुरावा जपून ठेवतो. हे फार थोड्या लेखनात असतं. आपल्या मताला न मानवणारी मुलगी आपल्याच पानावर राहू देणं सोपं नाही. माझ्या वहीत ती जागा मी आधी भरूनच टाकली होती.

तुमचा विषय वेगळा असेल. गणपतीला येणारे चाकरमानी असतील, मच्छीमारांच्या सोसायट्या असतील, हापूसच्या बागेत काम करायला येणारे नेपाळी मजूर असतील. तरी पुढच्या वेळी फील्डवरून आलात की वहीतलं तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य काढा. 'सगळे', 'संपूर्ण', 'एकत्र' असा एखादा शब्द त्यात आहे का बघा. असेल तर वाड्या मोजा. आणि फील्डवर तुम्हाला कुणी प्रश्न विचारला असेल, तर तो उत्तरांच्या आधी लिहून ठेवा.

मी येत्या सहा डिसेंबरला त्या आजींबरोबर दादरला जाणार आहे. टिपणवही नेऊ की नको, हे अजून ठरत नाहीये.